खान्देशच्या उन्हाळ्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक करावा का?

आपण अमळनेरला लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे एडिटिंग करता. आपल्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, बी-५५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम स्टिक आणि मध्यम दर्जाचे ग्राफिक्स कार्ड आहे, आणि प्रोसेसरवर खोक्यातून आलेलाच पंखा बसवलेला आहे. ओव्हरक्लॉक केले, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर चालवला, तर २० ते २५ टक्के वेग फुकटात मिळतो असे आपल्या मावसभावाने सांगितले, म्हणून प्रोसेसर जळण्याचा धोका त्यासाठी पत्करावा का, असे आपण विचारले आहे. मी जळगावात पंचवीस वर्षांहून अधिक काळ संगणक जोडण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. ज्या संगणकावर आपली रोजी आहे त्यावर ओव्हरक्लॉकिंग करू नका, असेच मी सांगेन. मात्र प्रोसेसर जळेल ही भीती त्यामागचे कारण नाही. खरा धोका वेगळा आहे, मिळणारा लाभ आपल्याला सांगितला गेला त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि आपल्या भागातल्या हवेत नेमके उलट्या दिशेने केलेले काम, म्हणजे प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे कमी करणे, अधिक उपयोगी पडते. हे तिन्ही मुद्दे जरा विस्ताराने मांडतो.

आपल्या मावसभावाचे म्हणणे निराधार नाही, ते फक्त जुन्या काळाचे आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला, तेव्हा तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर (प्रोसेसरला बाकीच्या संगणकाशी जोडणाऱ्या मार्गावर) साडेचारच्या गुणकाने ३०० मेगाहर्ट्झ चालत असे. ती बस १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागे, आणि बहुतेक वेळा कोणतीही कुरकूर न करता चालत असे. ही सरळ दीडपट वाढ होती. पुढे २०११च्या आरंभी कोअर आय-५ २५००के आला. त्याचा मूळ वेग ३.३ आणि टर्बोचा वेग ३.७ गिगाहर्ट्झ होता, पण बऱ्यापैकी हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग, लावला की ४.४ किंवा ४.५ गिगाहर्ट्झ सहज मिळत असे. त्या वेळी मी स्वतः असे अनेक संगणक जोडून दिले, आणि ग्राहकाच्या पैशाचे चीज झाले असे मला तेव्हा मनापासून वाटत होते.

मग वेगाचा हा राखीव साठा गेला कुठे? पूर्वी कंपनी प्रत्येक चिपला एकच ठरावीक वेग देत असे, आणि सर्वांत कमकुवत चिपलाही तो झेपावा म्हणून तो बराच खाली ठेवलेला असे. चांगल्या चिपमध्ये उरलेली ताकद वापरायची की नाही, हे घेणाऱ्यावर सोडलेले होते. २००८ साली इंटेलने नेहालेम पिढीपासून टर्बो बूस्ट आणले आणि नंतर एएमडीनेही तीच वाट धरली. आजचा प्रोसेसर स्वतःचे तापमान, विजेचा प्रवाह आणि कामाचा भार सेकंदाला अनेक वेळा तपासतो आणि जमेल तेवढा वेग आपणहून वाढवतो. आपल्या ५६००चा मूळ वेग ३.५ आणि बूस्टचा वेग ४.४ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे एका अर्थाने तो कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन आलेला आहे. हाताने वाढवून तो सर्व कोअरवर, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या आतल्या सर्व भागांवर, ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जाईल, एखादी चिप त्याच्याही थोडी पुढे जाईल, एखादी ४.५लाच अडेल. एकाच शेतात, एकाच दिवशी लावलेल्या केळीच्या सगळ्या झाडांचे घड सारख्या वजनाचे भरत नाहीत, तसेच एकाच नावाच्या दोन चिपचेही असते, म्हणून दुसऱ्याने सांगितलेला आकडा आपल्या चिपला लागू पडेलच असे धरून चालू नये.

आता या वाढीची किंमत पाहू. चालू प्रोसेसर जी वीज खातो ती ढोबळ मानाने वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावेच लागते. उदाहरणादाखल धरा की सर्व कोअर ४.४ गिगाहर्ट्झवर १.२० व्होल्टने चालत आहेत आणि ४.६ गिगाहर्ट्झसाठी १.३५ व्होल्ट लागले. वेग साडेचार टक्के वाढला, पण १.३५ला १.२०ने भागून त्याचा वर्ग केला आणि वेगातल्या वाढीने गुणले की वीज सुमारे ३२ टक्के वाढलेली दिसते. आपल्या भाषेत सांगायचे तर तासाभराचे एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची अंतिम फाइल बनवणे) अडीच मिनिटे लवकर संपेल, आणि तेवढ्यासाठी प्रोसेसर जवळजवळ एकतृतीयांश जास्त उष्णता खोलीत सोडेल. प्रत्यक्षात ती अडीच मिनिटेही पूर्ण हाती लागत नाहीत, कारण एक्सपोर्टचा काही भाग ग्राफिक्स कार्ड करते, काही वेळ डिस्कवर लिहिण्यात जातो, आणि त्या भागांना प्रोसेसरच्या वाढीव वेगाचा उपयोग होत नाही.

या उष्णतेचा प्रश्न पुण्यात किंवा नाशकात वेगळा आणि आपल्याकडे वेगळा. हीटसिंक प्रोसेसरला एखाद्या ठरावीक तापमानाला नेऊन ठेवतो असा अनेकांचा समज असतो. तो तसे करत नाही. तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा अमुक अंशांनी वर ठेवतो. ५६०० पूर्ण भाराला साधारण ७६ वॅट घेतो, आणि सोबत आलेल्या छोट्या हीटसिंकवर तो खोलीच्या हवेपेक्षा सुमारे ५० अंश वर जातो असे धरा. डिसेंबरात खोली २८ अंश असेल तर प्रोसेसर ७८ अंशांवर राहील आणि कोणतीही तक्रार येणार नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, दुपारी पत्र्याखालची खोली ४२ अंशांवर असते, आणि तोच प्रोसेसर ९२ अंशांवर जाऊ पाहतो. एएमडीने या प्रोसेसरला कमाल ९० अंशांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे तो तिथे पोहोचला की आपला वेग आपणहून कमी करतो. म्हणजे ओव्हरक्लॉक न करताही आपला संगणक मे महिन्यात मंदावत असण्याची पुष्कळ शक्यता आहे. त्यावर ३२ टक्के जास्त वीज घातली तर ५० अंशांचा फरक ६६वर जाईल, आणि मग डिसेंबरातसुद्धा तो ९४ अंशांकडे धावेल.

शिवाय आपला धंदा असा आहे की काम आणि ऊन एकाच वेळी येतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे लग्नांची गर्दी असते, रात्री शूटिंग आणि दिवसा एडिटिंग असा आपला क्रम असणार, आणि वर्षातले सर्वांत लांब एक्सपोर्ट वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दुपारी लागत असणार. ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकाची परीक्षा लोक बहुधा ते केल्या दिवशी घेतात, आणि ते दिवाळीनंतरच्या सुट्टीत केलेले असते. त्या परीक्षेचा मे महिन्याशी काहीही संबंध नसतो, हे मी फार महागात शिकलो.

ती हकिकत सांगतो, कारण खरा धोका कोणता ते तिच्यातून कळेल. २०१२च्या जानेवारीत पाचोऱ्याच्या एका अल्बम डिझायनरसाठी मी एक २५००के जोडला. मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा असतो, तो मी १०४ केला आणि गुणक ४३ ठेवला, म्हणजे वेग ४.४७ गिगाहर्ट्झ झाला. रात्रभर चाचणी चालवली, एकही चूक निघाली नाही, आणि मी तो संगणक विश्वासाने हवाली केला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला की काही फोटो नीट उघडत नाहीत. मी गेलो, तर स्क्रीनवर एका नवरीचा फोटो होता: कपाळावरच्या मुंडावळ्यांपर्यंतचा भाग स्वच्छ, आणि त्याच्या खालचा सगळा फोटो हिरवट करड्या आडव्या पट्ट्यांचा. जेपेग फाइलमध्ये एखादा बिट जरी मध्येच बदलला तरी तिथून पुढचे चित्र असे बिघडते. संगणक एकदाही बंद पडला नव्हता, निळा स्क्रीन आला नव्हता, कॉपी करताना कोणताही संदेश दिसला नव्हता. मूळ डिस्कवरून बॅकअपच्या डिस्कवर फाइली जाताना त्यातल्या काही अधूनमधून चुकीच्या लिहिल्या जात होत्या. त्या पिढीत मूळ क्लॉक वाढवला की डिस्कच्या सॅटा जोडणीचा क्लॉकही त्याच्याबरोबर वाढत असे. जानेवारीत तो ताण निभावला आणि मेच्या उष्णतेत निभावला नाही. दोष चिपचा नव्हता, मी केलेल्या सेटिंगचा होता. क्लॉक पुन्हा १०० केल्यावर तो प्रकार थांबला, पण दोन लग्नांचे काही फोटो परत मिळाले नाहीत, कारण कॅमेऱ्याची कार्डे पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट झालेली होती. त्या दोन घरांना काय सांगायचे हे त्या डिझायनरला ठरवावे लागले, आणि ती वेळ त्यांच्यावर मी आणली होती.

म्हणून प्रोसेसर जळेल का, या प्रश्नाला मी फारसे महत्त्व देत नाही. आजचा प्रोसेसर जास्त तापला तर आधी वेग कमी करतो, तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद करतो. एखाद्याने बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, बेसुमार व्होल्टेज घातले तर गोष्ट वेगळी, पण सांभाळून काम करणाऱ्याच्या हातून प्रोसेसर जळून गेल्याची उदाहरणे माझ्या कामात अगदी थोडी आहेत. पूर्ण बंद पडलेला संगणक निदान आपली चूक दाखवतो. काठावर चालणारा संगणक मात्र हजार बेरजा बरोबर करतो आणि एखादी चुकीची करतो, आणि ती कोणत्या फाइलमध्ये केली ते सांगत नाही. व्हिडिओच्या दोन फ्रेममध्ये हिरवे चौकोन येणे किंवा बॅकअपची झिप फाइल महिन्यांनी उघडताना सीआरसीची (फाइल शाबूत आहे की नाही ते पाहणाऱ्या तपासणीची) चूक दाखवणे ही त्याची नेहमीची रूपे आहेत. खेळ खेळताना असे झाले तर खेळ पुन्हा सुरू करता येतो. लग्न पुन्हा लावता येत नाही.

दुसरा धोका झिजेचा आहे आणि तो हळू चालतो. चिपमधल्या अतिशय बारीक तारांतून जास्त प्रवाह वाहिला की धातूचे अणू आपली जागा सोडू लागतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याचे जे समीकरण मांडले त्यानुसार प्रवाहाची घनता वाढली की तारेचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि तापमान वाढले की ते त्याहूनही वेगाने घटते. व्यवहारात हे असे दिसते की पहिल्या वर्षी १.३० व्होल्टवर चालणारा वेग दुसऱ्या वर्षी त्याच व्होल्टेजवर टिकत नाही, त्याला थोडे जास्त व्होल्टेज द्यावे लागते, आणि त्या जास्त व्होल्टेजने झीज आणखी वाढते. मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचेही तेच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा आमच्या व्यवसायातला जुना ठोकताळा आहे. स्वस्त बोर्डांवर या भागाला हीटसिंकही नसतो, आणि एप्रिलच्या वावटळीत उडणारी काळ्या मातीची धूळ आणि आसपास जिनिंग असेल तर कापसाची तंतू-धूळ त्या सगळ्यावर बसून राहते.

जास्त व्होल्टेज दीर्घकाळ दिल्याने काय होते हे अलीकडे साऱ्या जगाने पाहिले आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर, वापरणाऱ्याने काहीही न वाढवता, खेळ आणि रेंडरिंग करताना कोसळू लागले. २०२४ मध्ये इंटेलने असे मान्य केले की प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे आतल्या एका परिपथाची झीज होत होती. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून कंपनीने सुधारित मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा संच, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही हेही स्पष्ट होते. एएमडीच्या बाबतीत २०२३ मध्ये रायझन ७०००च्या एक्स-३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. रॅमचा वेग वाढवणारे प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड एसओसीचे (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या व इतर भागांचे) व्होल्टेज आपणहून जास्त चढवत होते, आणि मग एएमडीने ते १.३ व्होल्टवर रोखले. आपला ५६०० या दोन्ही प्रकरणांत नव्हता. तरीही बायोसमधल्या ‘ऑटो’ या शब्दावर डोळे मिटून विसंबू नये, एवढे त्यातून निश्चित घ्यावे.

विजेबद्दल थोडे सांगतो, कारण आपल्याकडे संगणकाचे दुखणे पुष्कळदा बायोसमध्ये नसते, भिंतीतल्या प्लगमध्ये असते. आजूबाजूच्या शिवारात पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येते आणि बंद झाले की एकदम वर जाते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार झेलतो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क आणि मॉनिटर धरून आपले काम पूर्ण भाराला त्या मर्यादेच्या जवळ जात असणार. ओव्हरक्लॉकिंगने त्यात आणखी २५-३० वॅट वाढले, की वीज जाण्याच्या क्षणी यूपीएस भार न झेलता बंद पडतो आणि चालू असलेले एक्सपोर्ट तसेच तुटते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग पाहून घ्या. अर्थिंग नसलेल्या जागी संगणकाच्या वेगाचा विचारच करू नये.

आता आपल्याला वेग जिथे खरोखर मिळेल तिकडे वळतो. आपण एकच रॅम स्टिक लावली आहे. या प्रोसेसरला रॅमशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत आणि आपण त्यातला एकच उघडा ठेवला आहे. त्याच जातीची दुसरी स्टिक, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत, लावा. सोबत हेही पाहा की रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने चालते की नाही. ३२०० लिहिलेली डीडीआर-४ रॅम बायोसमध्ये प्रोफाइल चालू केल्याशिवाय अनेकदा २४०० किंवा २६६६वरच चालत राहते, आणि मालकाला वर्षानुवर्षे पत्ता नसतो. दोन स्टिकसाठी ३२०० हा वेग ५६००च्या अधिकृत मर्यादेतला आहे, आणि या प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, म्हणून हा बदल दुहेरी लाभ देतो. प्रोफाइल चालू केल्यावर मेमटेस्ट-८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम एक रात्र चालवा. एकही चूक निघाली तर ते प्रोफाइल वापरू नका.

टाइमलाइन अडखळते अशी आपली तक्रार आहे. तिचे कारण बहुधा प्रोसेसरचा वेग नसून फुटेजचा प्रकार आहे. नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ असे, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेले, फुटेज देतात, आणि पुष्कळशी ग्राफिक्स कार्डे हा प्रकार स्वतः उलगडू शकत नाहीत, त्यामुळे तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ५६००मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे तिकडूनही मदत नाही. अशा वेळी ४.४चे ४.६ गिगाहर्ट्झ करून टाइमलाइन सुरळीत होणार नाही. कमी आकाराच्या प्रॉक्सी फाइली रात्री बनवायला लावा आणि सकाळी त्यांच्यावर काट-छाट करा. एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइलीच वापरते, त्यामुळे दर्जा कमी होत नाही. मीडिया कॅश, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली, जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर ती एसएसडीवर हलवा. या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो मी अनेक स्टुडिओंत समोर बसून पाहिला आहे, आणि त्यात प्रोसेसरला हातही लावावा लागत नाही.

त्यानंतर दोन-अडीच हजारांचा एक चांगला टॉवर हीटसिंक घ्या. ७६ वॅटसाठी तो खोलीच्या हवेपेक्षा ३५ अंशांच्या आतबाहेर ठेवतो असे धरले, तर ४२ अंशांच्या खोलीतही प्रोसेसर ७७ अंशांच्या आसपास राहील आणि मे महिन्यातला हरवलेला वेग परत मिळेल. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायची पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरे. कॅबिनेटची पुढची बाजू बंद काचेची असेल तर ती बदलून जाळीचे कॅबिनेट घ्यावे, आणि उन्हाळ्यात दर पंधरवड्याला ब्लोअरने धूळ काढावी. ते करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर हवेच्या झोताने पंखा प्रमाणाबाहेर फिरून त्याची बेअरिंग खराब होते. खोलीत पाण्याचा कूलर असेल तर तो अवश्य चालवा, आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो खोली बरीच थंड करतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. बोअरचे जड पाणी असेल तर त्याच्या तुषारांबरोबर आलेले क्षार बोर्डावर पांढरा थर धरतात. असे बोर्ड माझ्याकडे दर पावसाळ्याच्या तोंडाशी येतात, कारण हवा दमट झाली की तो थर ओल धरतो आणि बिघाड सुरू होतात.

आणि आता ती उलट दिशेची गोष्ट. कंपनी प्रत्येक चिपला व्होल्टेज देताना सगळ्यात कमकुवत चिपचा विचार करून थोडे जास्तच देते. बी-५५० बोर्डाच्या नव्या बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह या विभागाच्या खाली कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय असते. तिथे ऋण आकडा दिला की त्याच वेगासाठी कमी व्होल्टेज वापरले जाते. एक अंक साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे उणे १५ दिल्यावर सुमारे ४५ ते ७५ मिलिव्होल्ट वाचतात. वर वीज आणि व्होल्टेजच्या वर्गाचा जो हिशेब मांडला तोच आता आपल्या बाजूने काम करतो: १.२०चे १.१० व्होल्ट झाले, तर तेवढ्याच वेगाला वीज सुमारे १६ टक्के कमी लागते. प्रोसेसर थंड राहतो, आणि थंड राहिला की त्याचा टर्बो जास्त वेळ टिकतो. मे महिन्याच्या दुपारी व्होल्टेज कमी केलेला प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरपेक्षा प्रत्यक्षात लवकर एक्सपोर्ट संपवतो, कारण ओव्हरक्लॉक केलेला अर्धा वेळ स्वतःला आवरण्यात घालवतो.

यातही सावधगिरी हवीच. कमी व्होल्टेजने चिपला इजा होत नाही, पण प्रमाणाबाहेर कमी केले तर ती चुकीची उत्तरे देऊ शकते, म्हणजे मी वर सांगितलेला धोका इथेही आहे. उणे १०पासून सुरुवात करा. या पद्धतीत चुका पूर्ण भाराला फारशा निघत नाहीत, हलक्या भाराला निघतात, कारण एकटा कोअर सर्वांत जास्त वेगाने तेव्हाच पळतो. म्हणून एकेक कोअर आळीपाळीने तपासणारा कोअरसायकलर हा प्रोग्राम पूर्ण रात्र चालवा, आणि दुसऱ्या दिवशी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगर या नावाची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, एकही नोंद नाही हे पाहा. एक नोंद दिसली तरी दोन-तीन अंक मागे या. मी स्वतः कामाच्या संगणकावर, चाचणीत जो आकडा टिकला त्याच्याही पाच अंक अलीकडे थांबतो.

वॉरंटीचे नियम याबाबतीत स्पष्ट आहेत. ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर चालवल्यामुळे झालेले नुकसान इंटेल किंवा एएमडी भरून देत नाहीत, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर ज्या विभागात आहे तो उघडतानाच बायोस तशी सूचना दाखवते. ती वाचूनच पुढे जा.

ओव्हरक्लॉकिंग कोणी करूच नये असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे एखादा जुना संगणक पडून असेल, त्यात कोणाचे फोटो वा हिशेब नसतील, आणि बोर्डाला ती सोय असेल, तर त्यावर जरूर करून पाहा. ए-५२० चिपसेटच्या बोर्डांवर ही सोय नसते, आणि इंटेलमध्ये गुणक वाढवण्यासाठी नावापुढे के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. व्होल्टेज, वेग आणि उष्णता यांचे नाते हाताने अनुभवल्याशिवाय नीट समजत नाही, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम करायला लावतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदल वहीत लिहा. वेग २५ मेगाहर्ट्झच्या पायरीने वाढवा. ५६००च्या पिढीत दीर्घकाळ भारासाठी मी १.२५ व्होल्टच्या वर जात नाही. लोड-लाइन कॅलिब्रेशन (भार आल्यावर उतरणारे व्होल्टेज सावरून धरणारे सेटिंग) सर्वांत वरच्या पातळीवर ठेवू नका, कारण भार एकदम उतरला की व्होल्टेज क्षणभर उसळते आणि ती उसळी साध्या प्रोग्राममध्ये दिसत नाही. संगणक सुरूच होईना तर घाबरू नका, बोर्डावरचा सीएमओएस जंपर (बायोसची सेटिंग पुसणारी जोडणी) काही सेकंद जोडला की सगळे मूळ पदावर येते. चाचणीसाठी प्राइम-९५ वापरा. तो मोठ्या मूळसंख्यांच्या शोधासाठी लिहिलेला आहे, आणि आपली आकडेमोड चुकली की तो स्वतः ओळखून थांबतो, म्हणून नुसता संगणक बंद पडला नाही यावर समाधान मानणाऱ्या चाचण्यांपेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे. आणि ही चाचणी दुपारी दोन वाजता, खोलीतला कूलर बंद ठेवून घ्या.

सध्या आपण एवढेच करा. आपल्या मागच्या एखाद्या लग्नाचा दहा मिनिटांचा तोच एक प्रकल्प घ्या. तो आज, आहे त्याच संगणकावर, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी एक्सपोर्ट करा. प्रत्येक वेळी खोलीचे तापमान, एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये दिसलेले प्रोसेसरचे कमाल तापमान आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. दुपारचा वेळ पहाटेपेक्षा जास्त निघाला तर आधी हीटसिंक घ्या, दोन्ही वेळा सारख्याच निघाल्या तर आधी रॅम. बोर्डाचे पूर्ण मॉडेल आणि हे सहा आकडे मला कळवले, तर त्या बोर्डाच्या बायोसमध्ये कोणत्या पानावर काय बदलायचे ते नेमके लिहून पाठवतो. आखाजीला अजून अवकाश आहे, तेवढ्यात हे सगळे सावकाश बसवता येईल.